मामांची अळंबी

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर मामांना त्याचाही संशय येईल. दूधवाल्याच्या म्हशीवर त्यांचा विश्वास नाही आणि सात रस्त्याच्या सिग्नलवर तर मुळीच नाही. हिरवा दिवा लागला तरी जागचे हलत नाहीत, म्हणतात, "ह्यात कायतरी हाय." त्यांच्याकडे जेवायला गेलं की पहिलं ताट जावयाचं. बरीच वर्षं मी तो माझा मान समजत होतो. नवी भाजी असो की नवा मसाला, पहिला घास मी घ्यायचा आणि मामांनी हाताची घडी घालून माझं तोंड न्याहाळत बसायचं. मला काही होत नाही अशी खात्री पटली, की मग ते स्वतःचं ताट पुढे ओढत.

गेल्या वर्षी मामांना लघवीचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, वयामुळे मूत्राशयाला रक्त कमी पोचतंय. "मग बाकीचं रगत जातंय कुटं?" मामांनी विचारलं. नातेपुत्याला दिलेल्या त्यांच्या लेकीने, भाग्यश्रीने, औषधी अळंबीच्या गोळ्या पाठवल्या. रक्त कमी पडलं तरी त्या मूत्राशयाला जपतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मामांनी डबी उन्हात धरून पाहिली. "अळंबी म्हंजी कुत्र्याची छत्रीच की! कुत्रं मुतलं की तितं उगवती. ती मला बरं करनार व्हय?" मग डबी माझ्यापुढे सरकवली. "घ्या जावईबापू, आदी तुमी." मला कसलाही त्रास नसताना मी आठवडाभर ती गोळी गिळली. डॉक्टरांनी साफ सांगितलं, की हा गुण उंदरांत दिसलाय म्हणतात, माणसांचं खात्रीनं सांगता येत नाही. गोळी घ्यायची तर घ्या, पण माझं औषध सोडू नका. "उंदरांना इचारलं कुनी?" एवढंच मामा पुटपुटले आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही औषधं मुकाट्याने घेऊ लागले. आता संशय मला आला.

तेवढ्यात भाग्यश्रीच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. मामा रोज न जाण्याचं नवं कारण काढत. मामी देवळात गेलेल्या पाहून मी मामांना सरळच विचारलं. त्यांनी आधी उठून दार लोटून घेतलं.

"घडीघडीला जावं लागतंय ओ. कळ निगत न्हाय. लेकीच्या सासऱ्यासमोर धोतर भिजलं तर तिनं तोंड कुटं लपवायचं? गोळीनं जरा थांबलं असतं तर गेलो असतो. लई वाटत हुतं, तिचं घर बगावं. तिला सांगू नगा."

इतक्यात मला भाग्यश्रीचाच फोन आला. "दाजी, अप्पा का येत न्हाईत? खरं सांगा."

मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "त्यांना तुझ्या गवंड्याचा संशय आहे. त्या स्लॅबखाली बसणार नाही म्हणतात."

भाग्यश्री खळखळून हसली. "अप्पा काय सुधारायचे न्हाईत!" म्हणाली, आणि फोन ठेवला.

मामा हसले नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि मामी येईपर्यंत सोडला नाही.