मिस्त्रीभाऊचा कोपरा

भिंत अंगावर आली तेव्हा मी तिच्या पायथ्याशी विटा रचत होते. शुद्ध आली तर कमरेपर्यंत विटा, तोंडात माती, आणि शेजारी मिस्त्रीभाऊ ओरडत होता, "माहा ओळंबा कुठी गेला?" आपला पाय कुठे आहे हे त्याला कळत नव्हतं, पण भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा हवा होता. पलीकडे बिसाहिनचा फक्त हात दिसत होता, बांगड्या घातलेला. तो हलत नव्हता.

वर लोक जमले. विटा काढण्याआधी चूक कोणाची ते ठरवायला लागले. आवाज सगळ्यात मोठा माझ्या नवऱ्याचा.

"त्या बिसाहिनले मातीचा गारा कालवायले कोणं सांगतलं होतं? पाणी जास्त झालं!"

हे सगळं घडलं प्रार्थनाघराच्या नावानं. भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि आम्ही विदर्भातून आलेली ख्रिस्ती घरं कॅम्पातल्या झोपड्यांत राहत होतो. पाद्री दूर, महिन्यातून एकदा यायचा. बाकी रविवारी मिस्त्रीभाऊ उपदेश सांगायचा. आठवडाभर कारखान्यावर वीटकाम करायचा आणि रविवारी धुतलेला सदरा घालून बायबलातले संदेष्टे वाचायला काढायचा. यशया, यिर्मया, पण जीव सगळा आमोसावर.

आमोसाची रीत त्याला फार आवडायची. तो आधी शेजारच्या गावांची पापं एकेक करून मोजतो. ऐकणारे खूश होतात, बरं झालं, चांगलं झोडलं. मग तो वळून त्यांच्याच घराकडे बोट करतो.

मिस्त्रीभाऊही तसंच करायचा. पहिले कारखान्यावरचे रशियन साहेब घ्यायचा, ते देव मानत नाहीत. मग ठेकेदार, मग मुकादम, मग पलीकडच्या लाइनीतले दारू पिणारे. आमची मंडळी माना डोलवायची. म्हाताऱ्या तर पुढं सरकून बसायच्या. मग तो पुस्तक मिटून छातीवर बोट ठेवायचा. "चला, आता आपलं पाहू."

तेव्हा काय व्हायचं ते तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. कोणाला खोकला यायचा, कोणाच्या पोराला लघवीला लागायची, माझी जाऊ चूल बघायला उठायची. चूल तर विझलेली असायची.

"मिस्त्रीभाऊ, लोकं आपल्या पापाले भेत नाही, तुह्या लांब भाषणाले भेतेत," मी एकदा म्हटलं.

"तू पहिले स्वतःले पाह्य."

"मी पाहून घेतलं. काही खास नाही."

तो हसला नाही. नंतर भांडीकुंडी घासताना मला मात्र त्याचं बोट आठवायचं आणि राग यायचा.

नाताळाच्या आत प्रार्थनाघर व्हायला पाहिजे असं त्यानं ठरवलं. मातीचा गारा, भट्टीतल्या फुटक्या विटा, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांची मेहनत. भिंतीचा एकेक तुकडा एकेका घराला वाटून दिला. प्रत्येकाच्या तुकड्यावर तो ओळंबा सोडायचा. माझ्या नवऱ्याचा तुकडा त्यानं दोनदा पाडून घेतला. परमेश्वर हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा आहे, हे आमोसातलं त्याचं आवडतं होतं, आणि आमच्यासमोर तो स्वतःच तसा उभा राहायचा.

त्याचा स्वतःचा कोपरा मात्र त्यानं नजरेनं बांधला. "माही नजरच ओळंबा हाय," म्हणायचा.

मी सांगितलं होतं, "मिस्त्रीभाऊ, तुहा कोपरा पोट काढून उभा हाय."

"तू आपली वीट उचल."

बिसाहिन आणि तिचा नवरा त्याच वर्षी मंडळीत आलेले, इथलेच, छत्तीसगढी. ती कारखान्यावर रेजा, डोक्यावर टोपली वाहायची. मंडळीतल्या अर्ध्यांना वाटायचं की त्यांनी मागच्या चटईवर बसावं. उरलेल्यांना वाटायचं की त्यांनी बाहेर बसावं. भिंत पडली आणि निमित्त सापडलं. मला बाहेर ओढलं तोवर त्यांना मंडळीतून काढायचं ठरूनही गेलं होतं. तिचा नवरा एकटाच खाली बसून तिच्या अंगावरच्या विटा हातानं उकरत होता. वाद घालायला त्याला वेळ नव्हता.

शेवटी बिसाहिन निघाली. माती थुंकली आणि म्हणाली, "मोर गारा बने रहिस." माझा गारा चांगला होता. ऐकतो कोण.

मिस्त्रीभाऊला काढलं तेव्हा त्याचा पाय भलत्याच बाजूला वळलेला होता. लोक त्याला बाजेवर घालायला लागले. त्यानं हात वर केला.

"थांबा. दुसऱ्याचं झालं ना पाहून? आता आपलं पाहू."

ओळंबा मागितला. त्याच्या कोपऱ्याचा कमरेइतका भाग अजून उभा होता. माझ्या नवऱ्यालाच त्यानं तिथं दोरी धरायला लावली. वजन खाली गेलं आणि भिंतीच्या बुडापासून दोन बोटं दूर लटकलं. कोपरा कललेला होता हे सगळ्यांनी पाहिलं. कोणाला खोकला आला नाही.

"कोपरा माहा. गारा चांगला होता. या बाईले कोणी काढलं त मले पहिले काढा." मग तो बेशुद्ध पडला.

बिसाहिन राहिली. पुढच्या चटईवर बसायला लागली, माझ्याच शेजारी, आणि जागा जास्त घ्यायची.

मिस्त्रीभाऊनं काठी घेतली. स्टुलावर बसून सांगायचा, आणि आता सुरुवातच स्वतःपासून करायचा. उपदेशातून रशियन गेले, ठेकेदार गेले, दारुडे गेले. भक्ती अर्ध्या वेळात संपायची आणि माणसंही अर्धीच यायची. दुसऱ्यांची पापं ऐकायला मिळणार नसतील तर उन्हात चालत कोण येणार? मी जायची. बसायला मोकळी जागा मिळायची.

पुढं तो मुलाकडे नागपूरला गेला आणि तिकडेच वारला. ओळंबा बिसाहिनकडे ठेवून गेला.

त्या भिंतीखाली आम्ही तिघं होतो. मिस्त्रीभाऊ, बिसाहिन आणि मी. तिघंही त्यातून वाचलो.