बॅटरीचा वकील

निर्दोष माणसांची बाजू घेणारे जगात पुष्कळ असतील. निर्दोष बॅटरीची बाजू घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा होता. मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला. त्याला काम शिकवलं ते निजामाच्या काळात नोकरीला लागलेल्या बुजुर्गांनी, त्यामुळे पंचनामा, जबानी, बाइज्जत असले शब्द त्याच्या तोंडात विड्यासारखे कायम असत. गुन्हा शाबित झाल्याशिवाय घरातली कुठलीही वस्तू फेकायची नाही, हा त्याचा कायदा. छत्री गळते अशी तक्रार आली तेव्हा हर्सूलच्या घराच्या अंगणात तो नळाखाली छत्री उघडून पाऊण तास बसला होता, आणि साहेबांची तब्येत बरी आहे ना, असं शेजारणीनं हळूच विचारलं होतं. एकदा दूध नासलं. मामी ते ओतून द्यायला निघाली तर यानं तिला दारात अडवलं. "दोष दुधाचा का पातेल्याचा? दुसऱ्या पातेल्यात तापवून बघितलं का?" मामी म्हणाली, "तुम्हालाच दुसऱ्या घरी ठेवून बघायला पायजे होतं."

अशा माणसाची वीस वर्षांची काळी मोटारसायकल एके दिवशी सुरू होईना. दिवा मिणमिणायचा, हॉर्न सर्दी झालेल्या मांजरासारखा वाजायचा. मेकॅनिकनं लांबूनच निकाल दिला, "बॅटरी गई चचा, बदल डालो." मामा उखडला. "कायको गई? किसने देखा? गवाह कौन?" मेकॅनिकनं पाना खाली ठेवला आणि चहा मागवला. असे तीन मेकॅनिक झाले. शेवटी मामेभाऊ वैतागला. "बाबा, रविवारी कन्नडहून भंगारवाला येतोय. तोवर चालू झाली तर ठेवा, नाय तर जाऊ द्या." मामा त्याला "कबूल" म्हणाला खरा, पण जेवताना त्यानं दुसरी भाकरी घेतली नाही. दर रविवारी सकाळी तो आणि मामी त्या गाडीवरून हर्सूलच्या तलावावर जायचे, काठावर बसून भाजलेल्या शेंगा खायचे आणि परत यायचे. "घरात लई भांडण होतं आमचं," मामी सांगायची, "गाडीवर ह्यांना ऐकूच येत नाय, म्हणून बरं चालतं." त्या वयात त्या दोघांचं एवढंच काय ते फिरणं होतं.

मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला आणि पत्रकं वाटणारा माणूस. ही लढाई मला तत्त्वाची वाटली. सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात तो बहुधा उपाशी असतो, हे मी चार पत्रकांतून ठणकावून सांगितलं होतं. ही बॅटरी आजारी आहे की उपाशी, हे कुणी विचारलं होतं? मामाला हा मुद्दा फार आवडला. त्यानं बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली आणि दिवसभर दिवाणावर पंख्याखाली ठेवली. पाहुणे खुर्चीवर बसले. संध्याकाळी मीटर लावलं, तर पॉवर जशीच्या तशी. "बाइज्जत बरी!" मामा ओरडला आणि त्यानं मामीकडून बॅटरीला कुंकू लावून घेतलं.

शनिवारी सकाळी पुढची चौकशी. बॅटरी बसवून गाडी सुरू केली, रेस वाढवली. मीटरचा आकडा चौदा व्होल्टपर्यंत चढायला हवा; तो बारावरच बसून राहिला. म्हणजे इंजिनाकडून बॅटरीला खायलाच मिळत नव्हतं. मग मामानं वीज बनवणाऱ्या कॉइलच्या तिन्ही पिवळ्या वायरी तपासल्या. "तिघींची जबानी जुळते. ह्या राबतात बिचाऱ्या." उरला रेग्युलेटर, कॉइलची वीज बॅटरीपर्यंत पोचवणारा मधला डबा. मी स्टुलावरच चढलो. "हाच तो! राबणारा राबतो, खाणारा उपाशी, आणि हा मधला दलाल सगळं गिळतो!"

"भाषण मागून दे," मामा म्हणाला. "आधी खाली उतर अन् दहाचा पाना आण."

बोल्ट खोलला. रेग्युलेटरच्या बुडाखाली आणि बोल्टाभोवतीही कागदाची जाड घडी घट्ट बसवलेली होती. मामानं चष्मा लावून ती उलगडली. ते माझंच पत्रक होतं. मागच्या महिन्यात पत्रकं वाटायला मी ही गाडी फर्दापूरला नेली होती. वाटेत हा डबा खडखडायला लागला, म्हणून शिल्लक पत्रकांतलं एक घडी घालून मी तिथं कोंबलं होतं. खडखड थांबल्याचा मला अभिमानही वाटला होता. पण डब्याचा धातू गाडीच्या सांगाड्याला टेकला तरच विजेचा फेरा पुरा होतो. तो मी माझ्याच कागदानं तोडला होता.

मामानं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग त्यानं पॉलिश पेपरनं जागा घासली, डबा पुन्हा आवळला आणि किक मारली. आकडा चढत चढत चौदावर गेला. हॉर्न असा वाजला की मामेभाऊ तोंडाला फेस आणि हातात ब्रश घेऊनच बाहेर आला. "काय निघालं, बाबा?"

"बोल्ट ढिला होता," मामा म्हणाला आणि पत्रक खिशात घातलं. मामेभाऊ आत गेल्यावर मला हळूच म्हणाला, "पुराव्याअभावी सुटलास, भाच्या." रविवारी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं, आणि ती दोघं तलावावर गेली.

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीत, मीटरच्या खाली, मला ते पत्रक सापडलं. तेलकट झालेलं, नीट घडी घातलेलं. समासात कचेरीतल्या वळणदार अक्षरात शेरा होता: "वाचले. मुद्दा बरोबर. आवाज जास्त."

हल्ली रविवारी मामीला मी नेतो. निघण्याआधी ती विचारते, "बोल्ट बघितला का रे?" मी वाकून बघतो, तो घट्टच असतो. तलावाच्या काठावर ती पिशवी सोडते. शेंगा ती अजूनही मामाच्या भुकेच्या मापानं भाजते. आम्हा दोघांना त्या संपत नाहीत.