ससाण्यासाठी तूरडाळीची तालीम

अबुधाबीतल्या खलिफा सिटीत आम्ही ज्यांच्या व्हिलात भाड्याने राहतो ते मालक सत्तरीतले अरब गृहस्थ आहेत. त्यांना हौस एकच, ससाणे पाळायची. दर हिवाळ्यात ते वाळवंटातल्या एका कुंपण घातलेल्या शिकारीच्या रानात जातात. तिथे शिकारीसाठीच वाढवलेले पक्षी सोडतात आणि मागून ससाणा. यंदा मी त्यांच्या घरचा एसी नीट करून दिला, म्हणून खूश होऊन ते म्हणाले, "इंजिनीअर, तुम भी चलो. ससाणा तुम्हारे हाथ पे दूंगा."

मी ताबडतोब हो म्हणालो आणि तिथेच माती खाल्ली. मला पक्ष्यांची भीती वाटते. ससाणा राहू द्या, कबुतराचीसुद्धा. बाल्कनीत कबुतर बसलं की मला ऑफिसचा महत्त्वाचा फोन आठवतो आणि मी आत जातो. एकोणपन्नास वर्षांत हे मी कोणाला कळू दिलं नव्हतं, निदान माझा तसा समज होता.

मग हो का म्हणालो? तर मुलीसाठी. ती सतरा वर्षांची, इथेच वाढलेली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, तेही एका शब्दात. येत्या ऑगस्टमध्ये ती शिकायला परदेशी जाणार. गेल्या दोन वर्षांत ती माझ्याबरोबर साधी सुपरमार्केटात आलेली नव्हती. आमंत्रणाचं ऐकून मात्र तिने मोबाईलमधून मान वर केली. "कॅन आय कम?" झालं, मी वाघ झालो. घरात आपल्याकडे असा एकच हिवाळा उरलाय, हे मला रोज टोचत होतं. तिच्यासमोर तो पक्षी हातावर घेऊन ताठ उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं.

मालकांनी तालीम सांगितली. पक्षी किलोभर वजनाचा, हात जरासुद्धा हलता कामा नये. त्यांनी हातावर चढवायची एक जाड बाही दिली. बायकोने तूरडाळीची किलोची पिशवी दिली आणि बजावलं, "फुटली तर एकेक दाणा तुम्ही वेचायचा." रोज संध्याकाळी मी मुठीवर डाळ घेऊन हॉलमध्ये उभा आणि मुलगी सोफ्यावर मोबाईलमध्ये वेळ लावून.

"एल्बो, बाबा. यू आर ड्रूपिंग."

पहिल्या दिवशी चार मिनिटांत हात गळाला. तीन आठवड्यांनी वीस मिनिटं टिकू लागला. ती आता पूर्ण वाक्यं बोलत होती, कधी हसतसुद्धा होती. ऑफिसात दिवसभर मी त्या डाळीची वाट बघायचो.

इकडे बायकोने सामान बांधायला घेतलं. पंधरा डिग्री म्हणजे तिच्या लेखी हिमालय. दोन स्वेटर, कानटोपी, बामाची बाटली. वर मार्गशीर्ष चालू. "शिकार बघा, खायची नाही," असं फर्मान काढून तिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू बांधले, तेही मालकांच्या सगळ्या मंडळींना पुरतील एवढे.

शनिवारी निघायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी ओळख करून द्यायला मालक स्वतः ससाणा घेऊन दारात आले. पक्ष्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी होती, पायातली दोरी मालकांच्या हातात. आत लक्ष्मीची पूजा मांडलेली. बायकोने बाहेर डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, मार्गशीर्षातला गुरुवार आणि गरुड दारात!"

"अगं, ससाणा आहे तो."

"तुम्ही गप्प बसा."

मालकांनी पक्षी माझ्या हातावर ठेवला. डाळीला नखं नसतात, हे मला तेव्हा कळलं. तरी मी उभा राहिलो. एक मिनिट गेलं, दोन गेली. मुलगी बघत होती. तेवढ्यात बायको आरतीचं ताट घेऊन आली. डोळे झाकलेल्या पक्ष्याला निरांजन दिसलं नाही, पण तिने घंटा वाजवली ती मात्र ऐकू आली. त्याने हातभर पंख फडफडवले आणि मी "आई गं!" असा ओरडलो की शेजारचा ड्रायव्हर धावत आला. मी हात झटकला होता, डोळे गच्च मिटले होते.

उघडले तेव्हा मालकांनी दोरीने सावरलेला ससाणा मुलीच्या हातावर होता. तिने कधी बाहीसारखी एक उशी मनगटाला बांधून घेतली होती, मला पत्ता नव्हता. सोफ्यावरची छोटी उशी, ओढणीने आवळलेली. मालक म्हणाले, "शाबाश, हबीबी! हाथ देखो, पत्थर!" मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "इंजिनीअर, डर लगता है?"

तीन आठवड्यांची मेहनत खलास. उत्तर मुलीनेच दिलं.

"अंकल, ही इज टेरिफाइड ऑफ बर्ड्स. इव्हन पिजन्स."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे, बाबा," ती चक्क मराठीत म्हणाली. "म्हणून तर मी येते म्हटलं. तुम्ही घाबरलात तर तिथे तुमच्याजवळ कोण असणार होतं?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बायकोने आरती पूर्ण केली.