अठ्ठेचाळीसचे चव्वेचाळीस

"मराठीत नापास! मग कोर्टात काय उर्दूत बोलणार?"

सर एवढ्या जोरात बोलले की मागची सगळी लाईन हसली. जालन्याच्या एका कॉलेजात वकिलीच्या प्रवेशाची कागद तपासणी चालू होती. टेबलापलीकडं सर, अलीकडं मी, आणि माझ्या बाजूला अब्बा. परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतात ते. त्या दिवशी खाडा करून, ईदचा कुर्ता घालून माझ्यासंगं रेल्वेनं आल्ते. चपला त्यांनी ऑफिसच्या दाराबाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याच मनानं काढल्या.

सर माझी गुणपत्रिका मोठ्यानं वाचायला लागले. "राज्यशास्त्र, नापास. इतिहास, नापास. मराठी, तेही नापास."

खोटं नव्हतं ते. बारावीपर्यंत मी उर्दूतून शिकले. बी.ए. मराठीतून. पह्यल्या सत्राला प्रश्न समजायचा, उत्तर उर्दूत सुचायचं, ते मराठीत उतरवून काढंपर्यंत घंटा व्हायची. तीन पेपर गेले. तिन्ही दुसऱ्या टायमाला काढले. शेवटच्या सत्राला तर साठच्या वर होते मला. पण तिथपर्यंत सर वाचतच गेले न्हाईत.

वकिलीला पंचेचाळीस टक्के लागत होते. विद्यापीठानं माझ्या निकालावर अठ्ठेचाळीस छापल्ते. सरांनी ते बाजूला सारले आणि मोबाईल काढला. नापास झाले तेव्हाचे मार्क पण बेरजेत घातले. एकच पेपर दोनदा धरला, एकदा नापासाचा, एकदा पासाचा. आणि भागाकार केला.

"आमच्याकडं सगळे प्रयत्न धरतात. चव्वेचाळीस. बसत नाहीस तू."

आता माझं डोकं का फिरलं ते ऐका. माझ्या पुढं लाईनीत माझ्याच वर्गातला एक जण होता. घनसावंगीकडचा, घरचा ऊस, दारात गाडी. पह्यल्या सत्राला तो पण दोन पेपरात गेल्ता. नापासांची यादी लागली तेव्हा बोर्डासमोर आम्ही दोघं शेजारी उभे होतो. त्याचे शेवटचे टक्के पण माझ्याहून कमीच. सरांनी त्याचं फक्त शेवटचं पान पाह्यलं. "काय म्हणतो यंदाचा ऊस? वडिलांना नमस्कार सांग," म्हणाले अन् शिक्का मारला. मोबाईल खिशातच होता तेव्हा. सगळे प्रयत्न धरायचा नियम मी टेबलापाशी आल्यावरच जन्मला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अब्बांनी हात जोडले.

"साहेब, गरिबाची पोरगी हाय. बिनमायची हाय. संभाळून घ्या."

ते जोडलेले हात मला आजही दिसतात. पोत्याच्या हुकानं करंगळीचं नख गेलेलं. अन् सांगते, सरांचा राग त्या घडीला मागं पडला. अब्बांचाच आला. कशाला जोडता? माझं काय चोरीचं हाय का?

सर एकदम नरमले. खुर्चीत मागं रेलले. "अरे बाबा, राहू दे. तुमच्यात पोरींना एवढं शिकवतं कोण? बघू. माझ्या अधिकारात करून देतो. अठ्ठेचाळीसच धरतो. पण पोरी, हे उपकार लक्षात ठेव."

अब्बा रडायलाच लागले. खुशीनं. मला ढोसून म्हणाले, "शुक्रिया बोल."

कशाचा शुक्रिया? माझे मार्क. मी रट्टे मारून काढलेले. तेच आधी काढून घेतले आणि आता भीक म्हणून वाढून राह्यले! वर ध्यानात ठेवायचं. तीन वर्षं कॉलेजात याच्यासमोर खाली मान घालून जायचं.

मी म्हणाले, "सर, अठ्ठेचाळीस माझेच हायेत. ते तुम्ही मला देऊ नका. कोणत्या नियमानं चव्वेचाळीस केले, तेवढं लिहून सही करून द्या."

सर खुर्चीतून पुढं झाले.

"वकील व्हायच्या आधीच मला वकिली शिकवते का?"

"लिहून द्या, सर."

त्यांनी कागद माझ्याकडं ढकलले. दोन टेबलाखाली पडले. ते मी वाकून उचलले. सर म्हणाले, "पुढचा."

परतीच्या गाडीत अब्बा खिडकीकडं तोंड करून बसले. परतूर आलं तसे बोलले. "तेरा क्या जाता था? एक शुक्रिया बोल देती. सीट हाथ में थी."

"आप का गया ना, अब्बा. चप्पल बाहर थी आप की."

ते उतरून माझ्या पुढं चालायला लागले.

वर्ष गेलं माझं. खोटं कशाला सांगू, लई रडले. वरच्या ऑफिसला तक्रार केली, उत्तर आलं न्हाई. तो वर्गातला आता काळा कोट घालून फोटो टाकतो. मी परतूरला उर्दू शाळेतल्या पोरींच्या शिकवण्या घेऊन राह्यले. मराठीच्या. त्यांचा पह्यला पेपर जाऊ नये म्हणून. आणि हे पण मराठीतच लिहून राह्यले, ज्या भाषेत मला नापास म्हणून हसले त्याच भाषेत.

यंदा परत फॉर्म भरला. कॉलेज तेच. टेबल तेच असंल, सर पण तेच असतील. दुसरीकडं भर, म्हणतात सगळे. का भरू?

अब्बा पण यायचं म्हणून राह्यले. मी म्हणाले, चला, बिलकुल चला. पण चपला पायात ठेवून आत यायचं. हात जोडायचे न्हाईत. जोडले तर मी तिथंच सगळ्यांसमोर सोडवीन.

सरांनी मोबाईल काढला की मी कागद आणि पेन पुढं करणार. नियम लिहा, सही करा. न्हाई म्हणाले तर टेबलापासून हलणार न्हाई. मागं लाईन कितीही ओरडू दे.

अठ्ठेचाळीस. एक कमी घेणार न्हाई, आणि शुक्रिया म्हणणार न्हाई.