काटा दहाने पुढे

त्याचं खरं आडनाव काय, ते आता गल्लीत फार कुणाला आठवत नाही. गाडीचा वेग दाखवणारे मीटर तो दुरुस्त करायचा, म्हणून लोक त्याला काटेकर म्हणू लागले आणि पुढे पत्रंसुद्धा याच नावाने येऊ लागली. बायकोने सुरुवातीला कुरकुर केली. "मी काही काटेकरांच्या घरात लग्न करून आले नव्हते," असं ती म्हणायची. मग एके दिवशी दुकानाच्या पाटीवर तिनेच ते नाव रंगवलं, छान वळणदार अक्षरांत.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. खिडकीखाली लांब टेबल आणि त्याच्या टोकाला एक छोटी मोटर. गाडीतून काढलेला मीटर त्या मोटरला जोडला की तो जागच्या जागी साठाने, ऐंशीने धावू लागे. शेजारी काटेकरचा स्वतःचा भरवशाचा मीटर असे. दोन्ही काटे बरोबरीने चढू लागले की काटेकर बोलायचा थांबे. चुकीचा काटा तो चहाच्या दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी अलगद उचलून काढायचा, आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायचा आणि काटा परत बसवायचा. तबकडीवरचे उडालेले आकडे बायको बारीक कुंचल्याने पुन्हा रंगवायची. आकडे तिचे, काटा त्याचा.

गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारी, "टायर बदललेत का?" पुष्कळदा दोष टायरचा निघे. मोठा टायर घातला की गाडी पळते जास्त आणि काटा दाखवतो कमी. "उगाच बिचाऱ्याला बदनाम करता," असं म्हणून तो मीटर तसाच परत देई. एकदा एक जण हळूच म्हणाला, "थोडा कमी दाखवेल असं करा ना. बायको शेजारी बसते, सारखी ओरडते."

"मग वहिनींना मागे बसवा," काटेकर म्हणाला. "काट्याला कशाला नवराबायकोच्या मधे घेता?"

असा हा माणूस. त्याच्या हातून एकदाच एक काटा जाणूनबुजून खोटा बसला आणि तो होता त्याच्या सासऱ्यांच्या गाडीचा.

सासऱ्यांना सगळं गाव मास्तर म्हणे. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, काटेकरलाही. "शिकायला आला गाडी, आणि घेऊन गेला मुलगी," हा त्यांचा ठरलेला विनोद. शिकवताना ते त्याला "गाढवा, क्लच!" म्हणून ओरडत. लग्न ठरलं त्या दिवसापासून गाढवाचे जावईबापू झाले आणि 'तू'चं 'तुम्ही' झालं.

शिकवणी बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण ती गाडी मास्तरांनी ठेवली होती. शेजारच्या सीटपुढेही ब्रेकचं एक पेडल होतं, शिकवणाऱ्याचं. त्या सीटवर बसणाऱ्याने पाय मागे ओढून बसायचं, हा मास्तरांचा दंडक. "त्या पेडलवर पाय फक्त मास्तरचा," असं ते सांगत. एक निवृत्त पोस्टमन त्यांचा जुना दोस्त होता. त्याचे गुडघे धरले होते. त्याला मागे बसवून गावाबाहेरच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचं, हे मास्तरांचं रोजचं काम.

पण मध्यंतरी एका दुकानाच्या पायरीला गाडीचा बंपर लागला. कुणाला काही झालं नाही. मास्तर घरी काही बोलले नाहीत, दुकानदार बोलला. काटेकरच्या बायकोची झोप उडाली. "गाडी चालवू नका" असं बाबांना सांगायची तिची छाती नव्हती, नवऱ्याची तर त्याहून नव्हती. तेवढ्यात मास्तर स्वतःच मीटर घेऊन दुकानात आले. गाडी धावताना काटा थरथरतो, ही तक्रार.

ते गेल्यावर ती म्हणाली, "अहो, काटा तुमच्या हातात आहे. थोडा पुढे बसवा ना. साठ दिसले की बाबा पाय काढतात. गाडी पन्नासनेच जाईल."

"खोटा बसवू?"

"खोटा कशाला म्हणता? सावध म्हणा."

त्याने थरथर घालवली आणि स्प्रिंग जराशी सैल केली. थांबलेल्या गाडीत काटा शून्यावर टेकून राही, धावताना मात्र दहाने पुढे. मास्तर मीटर घेऊन गेले, तेव्हा काटेकर पाठमोरा होऊन हत्यारं पुसत होता.

पुढे काही आठवडे सगळं सुरळीत वाटलं. मग एका दुपारी मास्तर चालत दुकानात आले आणि त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"ही तुमच्याकडे असू द्या, जावईबापू."

"का हो? गाडी बिघडली?"

"गाडी नाही. मी बिघडलो." ते स्टुलावर बसले. "मी तुम्हाला मोजायला शिकवलं होतं, आठवतं?"

काटेकरला न आठवून कसं चालेल? गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर दगड आहेत. त्यांना मैलाचे दगड म्हणतात, आकडे मात्र किलोमीटरचे. साठाच्या वेगाने एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत नेमकं एक मिनिट लागतं. मास्तर शिकणाऱ्याला घड्याळ बघू देत नसत. मनात मोजायला लावत, एक हजार एक, एक हजार दोन. एक हजार साठला दगड आला की म्हणत, "आता गाडी तुझ्या अंगात आली."

"हल्ली काटा साठावर असतो, माझे साठ मोजून होतात आणि दगड अजून पुढेच," मास्तर म्हणाले. "रोज. इंजिनाचा आवाजही मला पन्नासचा वाटतो. पोस्टमन मागून टोमणे मारतो, अरे सायकलवाले पुढे गेले."

"घरी मोजून पाहिलंत?" बायकोने विचारलं. तिचा कुंचला एका तबकडीतल्या सहाच्या पोटात थांबला होता.

"पाहिलं ना. घरी भिंतीवरच्या घड्याळाशी बरोबर जुळतं. गाडीत बसलो की चुकतं. म्हणजे डोकं नेमकं गाडीतच दगा देतंय." ते हसले, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "काटा तुमच्या हातचा. तो चुकायचा नाही. मग चुकतंय कोण?"

ते गेले. ती म्हणाली, "आपल्याला हवं होतं तेच झालं की."

"हो," काटेकर म्हणाला. "तेच झालं."

तिने त्या सहाकडे पाहिलं. रंग ओघळून त्याचा आठ झाला होता. ती फडक्याने तो पुसू लागली आणि पुसता पुसता म्हणाली, "सांगून टाका. माझंही नाव सांगा."

सकाळी तो किल्ली घेऊन सासऱ्यांच्या दारात गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता, शांत, एका लयीतला. "एक हजार अठ्ठावन्न. एक हजार एकोणसाठ." मास्तर भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची घेऊन बसले होते, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. काटेकरने त्यांचे साठ पूर्ण होऊ दिले.

"मास्तर, काटा मी पुढे बसवला होता."

त्यांनी मान वळवली नाही. "किती?"

"दहाने."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. पायरीला लागलं ते कळलं होतं. दोघांनी मिळून ठरवलं."

मग मास्तरांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं."

"एकदम बरोबर."

"गाढवा," मास्तर म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच. "अरे गाढवा, मी रात्रंदिवस स्वतःला तपासत बसलो. मुलीचं नाव विसरेन म्हणून सारखं मनात म्हणत होतो."

काटेकरने खिशातून ते दोन चमचे काढले. अंगणात, गाडीचं दार उघडं ठेवून, त्याने मीटर उतरवला. दुकानात नेऊन मोटरवर लावला आणि भरवशाच्या मीटरशी काटा जुळेपर्यंत हलला नाही. मास्तर मागे उभे राहून बघत होते. मग दोघं गावाबाहेर गेले. मास्तर स्टिअरिंगवर, काटेकर शेजारी, पाय दंडकाप्रमाणे सीटखाली ओढलेले.

काटा साठावर आला. दगड मागे पडला. मास्तर मोठ्याने मोजू लागले. एक हजार साठ म्हणताना पुढचा दगड खिडकीपाशी होता.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. रस्त्याकडेचं गवत वाऱ्याने एका बाजूला कलत होतं.

"मोजणं ठीक आहे," ते म्हणाले. "पण पायरी मला दिसली होती. वेळेत दिसली होती. पाय उशिरा पोचला."

"सांगायचं होतंत."

"तूही सांगायचं होतंस. मास्तर, भीती वाटते, एवढं म्हणायचं. काट्याच्या तोंडून कशाला?" त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. "पाय पुढे घे."

"कुठे?"

"पेडलवर, गाढवा. आणखी कुठे? आणि मी सांगायची वाट बघू नकोस. वाटलं की दाब. उद्या तुला जमणार नसेल तर तिला पाठव. कुणीच मोकळं नसेल तर गाडी काढणार नाही."

काटेकरने सीटखालचे पाय सरळ केले. त्या पेडलवरचं रबर मास्तरांच्याच बुटाने झिजून एका बाजूला उतरतं झालं होतं. त्याच्या बुटाला ते अनोळखी लागलं.

परतताना गावाच्या तोंडाशी एक बाई पोराचा हात धरून अचानक रस्त्यात उतरली. गाडी जोराचा हिसका देऊन थांबली. दोन्ही पेडलं तळाला गेली होती. बाई पलीकडे पोचली, पोराने मागे वळून पाहिलं. ते दोघं समोर बघत बसले.

कुणाचा पाय आधी पडला होता, ते दोघांनीही विचारलं नाही. काटा शून्यावर होता. मास्तरांनी पहिला गियर टाकला.