चौथे बटण

मास्तरांच्या पोटात एक खून आहे, असे शेजारीपाजारी म्हणत. समोरच्या दारातल्या काकू तर नव्या बिऱ्हाडकरूला जिन्यातच गाठून सांगत, "माणूस देवमाणूस हो. पण त्या नटाचं काय झालं ते यांना ठाऊक आहे, फक्त तोंड उघडत नाहीत." मास्तर हे ऐकून न ऐकल्यासारखे करत आणि सावकाश जिना चढत. बत्तीस वर्षांत त्यांनी होही म्हटले नाही आणि नाहीही.

मास्तर तेव्हा एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळत. कपडे शिवायचे, उसवलेले सांधायचे, नटांच्या अंगावर चढवायचे. एका प्रयोगानंतर कंपनीचा मुख्य नट रंगमंचामागच्या जिन्याखाली मरून पडलेला सापडला. त्याच्या काळ्या कोटाचे चौथे बटण जागेवर नव्हते. ते झटापटीत तुटले, म्हणजे कोणीतरी त्याला ढकलले, असा पोलिसांनी निष्कर्ष काढला. सगळ्या कंपनीला दोन दिवस चौकीवर बसवून ठेवले, त्यात मास्तरही होते. कोणावर काही शाबीत झाले नाही. बटणही सापडले नाही.

आता त्याच मृत्यूवर सिनेमा निघत होता. तेव्हाचे दिवे, तेव्हाच्या मोटारी आणि हरवलेल्या बटणावरून खुनी शोधणारा डिटेक्टिव्ह. दिग्दर्शक तरुण होता. सगळे अस्सल हवे, हा त्याचा हट्ट. मूळ कोट ज्या हातांनी शिवला त्याच हातांचा कोट हवा, म्हणून तो मास्तरांच्या घरी येऊन बसला.

"सगळं तेव्हाचं तसंच, मास्तर. फक्त चौथं बटण जरा ढिलं लावा. झटापटीत तुटायला हवं."

"ढिलं मला लावता येत नाही."

दिग्दर्शक हसला. त्याला तो विनय वाटला. वास्तविक मास्तरांच्या अंगी विनय बेताचाच होता. प्रयोगाआधी प्रत्येक बटण चिमटीत धरून ओढायचे आणि किंचित जरी हलले तरी तिथल्या तिथे कापून नव्याने लावायचे, हा त्यांचा नियम. लोंबते बटण घेऊन त्यांचा एकही नट कधी प्रेक्षकांसमोर गेला नव्हता. या एका गोष्टीवर त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवली होती.

चित्रीकरणाला सून पिशवी धरायला म्हणून बरोबर आली. खुन्याचे काम करणाऱ्या नटाने कोट धरून खेचला. बटण हलले नाही. दुसऱ्यांदा खेचल्यावर कापड टरकले. बटण आपले त्या फाटक्या कापडावर ठाम. तिसऱ्या खेपेला खुनीच पाय घसरून पडला आणि ज्याचा खून व्हायचा त्याने त्याला हात देऊन उठवले.

दिग्दर्शक मास्तरांच्या खुर्चीपाशी आला. "मास्तर, मग त्या दिवशी ते तुटलं कसं?"

आजूबाजूची कामे थांबली. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खुनी अंगानं दणकट असेल," ते म्हणाले.

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. बत्तीस वर्षांत पोलिसांना हे सुचले नव्हते. दुपारपर्यंत खुन्याच्या कामाला एक आडदांड पहिलवान आला, आणि डिटेक्टिव्हच्या तोंडी दोन वाक्ये वाढली.

घरी पोचल्यावर सुनेने पिशवी खाली ठेवली ती विचारतच. "बाबा, खरं सांगा. कोणी तोडलं?"

मास्तरांनी बटणांचा डबा काढला, तळाशी हात घातला आणि एक काळे बटण तिच्या तळहातावर ठेवले. त्याच्या भोकांत दोऱ्याचा धागाही नव्हता.

"तिसऱ्या अंकाआधी हललं, म्हणून कापलं. सुईत दोरा ओवतोय तोच घंटा झाली. त्यानं कोट उचलला, चढवला आणि गेला. मी दुसऱ्याच्या फेट्याला लागलो, ते डोक्यातून गेलंच."

"म्हणजे झटापट झालीच नाही? मग तो मेला कसा?"

"पायरी चुकली असेल. बटणाला काय ठाऊक."

"अहो, मग सांगून टाका ना. जिन्यात लोक आधीच कुजबुजतात, आता सिनेमा बघून तुम्हालाच खुनी म्हणतील."

मास्तरांनी बटण परत घेतले आणि डब्याचे झाकण दाबून लावले.

"म्हणू देत. खुनी म्हटलेलं मला चालेल. बटण लावायला विसरला, असं म्हटलेलं चालणार नाही."