खवल्यांचा खरवस

ताई संगमनेरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. नव्वदीतली गोष्ट. फ्रीज होता, पण शेजाऱ्यांचा. ताईला प्रोजेक्ट मिळाला होता, समुद्रातल्या माशांच्या खवल्यांपासून सरस काढायचा. सरस म्हणजे सुतार लाकडं चिकटवतात तो. हा मात्र जरा स्वच्छ, पोटात गेला तरी चालेल असा.

बाजारातून खवलं आणायचं काम माझं. मासेवाली मावशी म्हणायची, "खवलं तुमी नेता, मग मासा कोन खातंय रं?" तिचा घोगरा आवाज काढून मी घरात सगळ्यांना हसवायचो.

ताईनं खवलं लिंबाच्या पाण्यात भिजवली, मंद आचेवर उकळली, फडक्यातून गाळली आणि पातेलं शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी पातेलं घरी आणून बघतो तर पांढरट, थुलथुलीत असं काहीतरी मस्त जमलेलं. पुढच्याच सकाळी बाहेरचे परीक्षक येणार होते. नमुना नसला तर ताईचं वर्ष बुडालं.

आणि नेमके त्याच्या आदल्या दुपारी तिला बघायला पाहुणे टपकले. ताई आतल्या खोलीत साडी नेसत होती. आमची आत्या कानानं अधू. पातेल्यावरचं झाकण काढून ती ओरडली, "ह्यात काय हाय गं?"

"सरस!" ताई आतूनच ओरडली.

"खरवस व्हय! मंग आधी सांगायचं न्हाई का?"

आत्यानं वड्या पाडल्या, वर साखर आणि वेलदोडा भुरभुरला. बशा थेट बाहेर.

मुलाच्या वडलांनी बराच वेळ चावलं. "लई चिवट हाय. गाय कवा व्याली?"

"आमच्याकडं गाय न्हाई," मी म्हणालो, "सायकल हाय."

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. बशा बघताच तिनं ट्रे खाली आदळला. मुलाची बशी तेवढी शिल्लक होती. ती तिनं सरळ ओढून घेतली. "खाऊ नका! मला परीक्षेला न्यायचंय!"

मुलगा चाचरत म्हणाला, "परीक्षा... इथंच हाय ना?"

मग सगळा उलगडा झाला. मुलाचे वडील टोपी घालत उठले. "मासं आमीबी खातो. पन गोड न्हाई."

ताईनं रात्री त्या बशीतली वडी धुतली, वितळवली, पुन्हा गाळली. सकाळी परीक्षकांनी वास घेतला.

"खवल्यांना वेलदोड्याचा वास कसा?"

"पाहुणे आले होते, सर."

त्यांनी त्या सरसानं दोन कागद चिकटवले, वाळू दिले, मग ओढून बघितले. कागद फाटला, पण जोड सुटला नाही. त्यांनी पास म्हणून सही ठोकली.

"चिकटतोय की! आणि पाहुणे?"

"ते नाही चिकटले, सर."